रानातील ज्ञान आणि त्याची कसोटी

(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनापुढील व्याख्यान)



पावसाळ्याच्या तोंडाशी ठाणे, पालघर आणि रायगड जिल्ह्यांतील आठवड्याच्या बाजारात रानातून आलेल्या स्त्रिया शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. जुडीसोबत त्या काकड नावाच्या झाडाची लहान, हिरवी, आंबट फळेही देतात. ज्याला ही भाजी ठाऊक नाही त्याला ती फळे निरुपयोगी वाटतात. तो जुडी उचलतो आणि फळे तेथेच ठेवून जातो. घरी भाजी शिजते, आणि पहिल्याच घासाला घसा खवखवू लागतो. शेवळांत कॅल्शियम ऑक्झलेट या द्रव्याचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. आंबट फळांबरोबर शिजविली म्हणजे त्यांची खाज मोडते. सुरणाच्या भाजीत चिंच किंवा आमसूल घालण्याचा प्रघातही याच कारणाने पडला आहे. कडू करांदे खाणारी माणसे ते चिरतात, उकडतात, वाहत्या पाण्यात ठेवतात आणि मगच तोंडात घालतात.

या उदाहरणांत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अमुक वनस्पती खाण्याजोगी आहे, एवढ्या माहितीने रानातील अन्नाचे ज्ञान पुरे होत नाही. ती कोणत्या ऋतूत आणावी, कशी चिरावी, कशाबरोबर शिजवावी, किती खावी, हा सारा क्रम त्या ज्ञानात येतो. क्रमातील एक पायरी गळली, तर उरलेली माहिती खरी असूनही उपयोगी पडत नाही; प्रसंगी ती घातही करते. प्रवासात बरोबर घ्यावयाच्या साधनांचीही हीच गोष्ट आहे. साधन चांगले की वाईट, हे दुकानात कळत नाही. ते वापरून पाहावे लागते, आणि वापरणाऱ्यांनी त्यावर मोकळेपणाने वाद घालावा लागतो. ज्यांनी हे केले नाही त्यांचे काय झाले, हे समजण्यासाठी ऑस्ट्रेलिया खंडात १८६० व १८६१ या वर्षांत घडलेली एक हकीकत सविस्तर पाहणे उपयुक्त ठरेल.

मोहिमेची सिद्धता

सोन्याच्या खाणींमुळे संपन्न झालेल्या व्हिक्टोरिया वसाहतीतील मेलबर्न शहरात, ऑस्ट्रेलियाचा अंतर्भाग दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडण्यासाठी एक मोहीम सिद्ध झाली. तोपर्यंत कोणाही युरोपीय प्रवाशाने हे साधले नव्हते. मोहिमेचे व्यवस्थापन रॉयल सोसायटी ऑफ व्हिक्टोरिया या विद्वत्संस्थेच्या समितीकडे होते; परंतु समितीतील बहुतेक सभासदांना अशा प्रवासाचा स्वतःचा अनुभव नव्हता. नायक म्हणून रॉबर्ट ओहारा बर्क या आयरिश गृहस्थाची निवड झाली. तो पोलिस अधिकारी होता, पूर्वी ऑस्ट्रियाच्या सैन्यात होता, धाडसी होता. मात्र रानात राहण्याचा अनुभव त्याच्या गाठी नव्हता.

२० ऑगस्ट १८६० रोजी सुमारे पंधरा हजार लोकांच्या जयघोषात मोहीम निघाली. १९ माणसे, २६ उंट, २३ घोडे आणि सहा गाड्या, असा तिचा परिवार होता. उंटांपैकी बहुतेक हिंदुस्थानातून जहाजाने आणले होते, आणि त्यांना हाकणारी माणसेही बरोबर आली होती. सामान सुमारे वीस टन होते. त्यात दोन वर्षांचे अन्न होते. त्याशिवाय देवदाराचा पृष्ठभाग असलेले ओक लाकडाचे टेबल व खुर्च्या, आकाशात सोडावयाचे बाण, निशाणे आणि एक चिनी घंटा होती. उंटांना रोग होऊ नये म्हणून त्यांना पाजण्यासाठी सुमारे २७० लिटर रम घेतलेली होती! एक गाडी तर अशी बनविली होती की, नदी आडवी आली असता तिची होडी करता यावी.

या सामग्रीची कसोटी पहिल्याच दिवशी लागली. एक गाडी मैदानातून बाहेर पडण्यापूर्वीच मोडली. आणखी दोन शहराच्या वेशीपाशी मोडल्या. पावसाने रस्ते चिखलमय झाले होते. मेलबर्नपासून मेनिंडी या ठाण्यापर्यंतचे सुमारे ७५० किलोमीटरांचे अंतर टपालाची घोडागाडी आठवड्याहून थोड्या अधिक काळात तोडीत असे. मोहिमेला तेथे पोहोचण्यास दोन महिने लागले.

वाटेत ओझे कमी करण्याची पाळी आली, आणि येथे पहिली लक्षणीय चूक घडली. बॅलरॅनाल्ड या गावी साखर, काही बंदुका व दारूगोळा, आणि लिंबाचा रस मागे ठेवण्यात आला. लिंबाच्या रसाने स्कर्व्ही हा रोग टळतो, हे त्यापूर्वी शंभर वर्षे खलाशांना अनुभवाने कळून चुकले होते. जे जड ते टाकावे, हा नियम सोपा आहे. परंतु कोणती वस्तू कशासाठी घेतली होती, हे ज्याला ठाऊक नसते तो वजन पाहूनच निर्णय करतो. पुढे उंट आणि रम यांवरून बर्क आणि उंटांचा प्रमुख लँडेल्स यांच्यात भांडण झाले व लँडेल्स मोहीम सोडून गेला. उंटांविषयी ज्याला सर्वांत अधिक माहिती होती तोच निघून गेला. त्याची जागा विल्यम जॉन विल्स या तरुण, अभ्यासू मोजणीदाराला मिळाली.

मतभेद होणे ही गोष्ट वाईट नव्हे. सामानाबद्दल प्रवासापूर्वी आणि प्रवासात वाद झालाच पाहिजे. पण येथे वाद वस्तूंच्या उपयुक्ततेचा राहिला नाही. तो माणसांच्या अधिकाराचा झाला. जिंकणाऱ्याचे मत टिकले, आणि हरणाऱ्याचे ज्ञान त्याच्याबरोबर गेले.

नऊ तास

मेनिंडीला बर्कने मोहिमेचे दोन भाग केले आणि स्वतः पुढे निघून तो नोव्हेंबरमध्ये कूपर क्रीक या प्रवाहाकाठी पोहोचला. तेथे तळ देऊन १६ डिसेंबर १८६० रोजी बर्क, विल्स, जॉन किंग आणि चार्ल्स ग्रे हे चौघे सहा उंट, एक घोडा आणि सुमारे बारा आठवड्यांची शिधासामग्री घेऊन उत्तरेकडे निघाले. किंग हा हिंदुस्थानात सैन्यात नोकरी केलेला तरुण होता. उंटांबरोबरच तो मोहिमेत आला होता. तळावर विल्यम ब्राहे याला ठेवले होते. तीन महिने वाट पाहावी, असे बर्कने त्याला सांगितले. चार महिने पाहावी, अशी विनंती विल्सने केली.

फेब्रुवारी १८६१ मध्ये ते उत्तरेच्या आखातापाशी पोहोचले. खाऱ्या पाण्याची भरती-ओहोटी त्यांनी पाहिली. खारफुटीच्या दलदलीमुळे समुद्र मात्र दृष्टीस पडला नाही. परतीची वाट चालू झाली तेव्हा अन्न थोडेच उरले होते. पाऊस, चिखल, उपासमार यांनी सर्व खचले. १७ एप्रिल रोजी ग्रे मरण पावला. त्याला पुरण्यात एक दिवस गेला.

२१ एप्रिलच्या संध्याकाळी उरलेले तिघे दोन उंटांसह तळावर आले. तळ रिकामा होता. ब्राहेने १८ आठवडे वाट पाहिली होती. त्याच्या सोबत्यांपैकी एक जण जखमी होता, इतरांत रोगाची चिन्हे दिसू लागली होती. शेवटी तो त्याच दिवशी सकाळी निघून गेला होता. सुमारे नऊ तासांनी चुकामूक झाली.

या नऊ तासांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्यात दैवाचा भाग मोठा आहे, हे खरेच. पण त्यानंतर जे घडले त्याला दैव म्हणता येत नाही. ब्राहेने कूलिबा जातीच्या एका झाडाच्या सालीवर खणण्याची खूण कोरली होती आणि झाडापाशी अन्न व पत्र पुरून ठेवले होते. बर्कने ते खणून काढले. ब्राहेच्या मागे जाण्याऐवजी त्याने दक्षिण ऑस्ट्रेलियातील माउंट होपलेस या टेकडीजवळच्या ठाण्याकडे जाण्याचे ठरविले. जाण्यापूर्वी त्याने आपले पत्र त्याच खड्ड्यात पुरले, माती पूर्ववत केली, आणि झाडावरील खुणेत काहीही बदल केला नाही. नवी तारीख नाही, नवे अक्षर नाही.

८ मे रोजी ब्राहे आणि मोहिमेच्या मागील भागाचा प्रमुख राईट हे दोघे घोड्यांवरून तळावर परत आले. झाडावर ब्राहेने कोरलेलीच खूण होती. जमीन खणलेली दिसत नव्हती. कोणी आले नाही असे समजून, खड्डा न उकरता, ते थोड्या वेळात निघून गेले. मे महिन्याच्या अखेरीस विल्स एकटा तळावर आला, त्याने आपल्या नोंदी पुरल्या. ब्राहे येऊन गेला होता याचा मागमूस त्यालाही लागला नाही. ज्या खड्ड्यात पत्र होते त्याच्यापाशी दोन्ही बाजूंची माणसे आली आणि परस्परांविषयी अजाण राहिली.

खूण करणाराला स्वतःची खूण नेहमी स्पष्टच वाटते. ती दुसऱ्याला वाचता येते की नाही, यात तिची खरी कसोटी असते. ही कसोटी घेतली गेली नाही. रानात हरवलेल्या माणसाचे अर्धे जीवन त्याने मागे ठेवलेल्या खुणांवर अवलंबून असते, हे मेलबर्नच्या त्या वीस टन सामानाच्या यादीत कोठेही लिहिलेले नव्हते.

नार्डू

माउंट होपलेसच्या वाटेवर एक उंट चिखलात रुतला व त्याला मारावे लागले. दुसराही लवकरच मेला. आता पाणी वाहून नेण्याचे साधन उरले नाही. त्यामुळे प्रवाह सोडून दूर जाणे अशक्य झाले. तिघेही कूपर क्रीकच्या काठाने अडकून पडले.

परंतु तो प्रदेश ओसाड नव्हता. तेथे यांड्रुवांधा हे मूळचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. पाण्यात मासे होते, शिंपले होते, काठावर शेंगा व कंद होते. त्या लोकांनी या तिघांना मासे दिले आणि नार्डू नावाच्या वनस्पतीच्या पिठाच्या भाकरी दिल्या. नार्डू ही पाणथळ जागी उगवणारी नेचाच्या वर्गातील लहान वनस्पती आहे. तिची पाने चार दलांची असतात, आणि तिच्या बीजाणूंच्या कठीण कोषांचे पीठ करतात. प्रवाशांना हे पीठ कशाचे होते हेही प्रथम कळले नाही. ते झाडावर लागत असावे अशी त्यांची समजूत होती. मे महिन्यात त्यांना ते जमिनीलगत सापडले.

याच सुमारास संबंध बिघडले. एका माणसाने तेलकापड उचलून नेले म्हणून बर्कने बंदुकीचा बार काढला. या लोकांशी सलगी वाढली तर आपल्या जवळचे सर्व ते नेतील, ही भीती त्याच्या मनात होती. त्यानंतर लवकरच ती माणसे तेथून हलली. तिघांजवळ नार्डू उरले. नार्डू कसे खावे हे सांगणारे मात्र निघून गेले.

मग त्यांनी स्वतःच कोष गोळा केले, दगडांवर कुटले, पीठ शिजविले आणि पोटभर खाल्ले. विल्सच्या रोजनिशीत एक विलक्षण नोंद आढळते. भूक चांगली लागते, अन्न रुचते, पोटही भरते. आणि तरी शरीर दिवसेंदिवस क्षीण होत आहे, असा तिचा आशय आहे. पायांतील शक्ती गेली. कपडे फाटले होते, थंडी पडली होती. जूनच्या अखेरीस किंवा जुलैच्या आरंभी, थोड्या दिवसांच्या अंतराने, विल्स आणि बर्क दोघेही मरण पावले.

किंग राहिला. तो यांड्रुवांधांच्या शोधात निघाला. त्याने बंदुकीने पक्षी मारून त्यांना दिले. एका स्त्रीच्या हाताला जखम झाली होती. ती त्याने कोमट पाण्याने धुतली व तिला औषध लावले. ती स्त्री आणि तिचा पती यांनी त्याला अन्न दिले, आसरा दिला. १५ सप्टेंबर १८६१ रोजी आल्फ्रेड हॉविट याच्या शोधपथकाला तो त्यांच्यातच, अत्यंत कृश, परंतु जिवंत आढळला. जवळजवळ अडीच महिने त्या लोकांनी त्याला सांभाळले होते. ज्या भूमीवर दोघे अन्नावाचून मेले, त्याच भूमीवर त्याच हंगामात तिसरा जगला. फरक जागेचा नव्हता. त्या जागेची माहिती असलेली माणसे त्याच्या भोवती होती, एवढाच होता.

वाद आणि त्याचा निकाल

या दुर्घटनेची चौकशी करण्यासाठी व्हिक्टोरियात आयोग नेमला गेला. त्याचा भर मुख्यतः आज्ञा, विलंब आणि पुरवठा यांवर होता. मोहिमेचे भाग करण्यात बर्कची चूक झाली, मागील तुकडी आणण्यास राईटने अक्षम्य उशीर केला, समितीनेही ढिलाई दाखविली, असा दोष अनेकांवर आला. नार्डूचा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहिला: जे अन्न खाऊन त्या भागातील लोक धडधाकट राहतात, ते पोटभर खाऊन हे प्रवासी का मेले?

या प्रश्नाचे एक उत्तर १९९४ साली ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकातून पुढे आले. नार्डूच्या कोषांत थायमिनेझ नावाचे एक द्रव्य मोठ्या प्रमाणात असते. शरीराला आवश्यक असलेल्या ब-१ जीवनसत्त्वाचा ते नाश करते. हे जीवनसत्त्व कमी पडले की बेरीबेरी हा रोग होतो; पाय लुळे पडतात, हृदय दुर्बळ होते. पॉलिश केलेल्या तांदळावरच राहणाऱ्या लोकांत हा रोग होत असे, हे शिक्षकांनी आरोग्यशास्त्राच्या पुस्तकात वाचले असेल. यांड्रुवांधा लोक नार्डू पाण्याबरोबर वाटून पातळ करीत आणि शिंपल्याने खात. त्या द्रव्याचा उपद्रव या विशिष्ट क्रमामुळे कमी होत असावा, असे संशोधकांचे म्हणणे आहे. शिवाय त्यांच्या आहारात नार्डूबरोबर मासे, शिंपल्यांतील जीव आणि इतर पदार्थ असत.

हा खुलासा सर्वांनाच पुरेसा वाटत नाही. ते प्रवासी आधीच महिनोन्‌महिने अर्धपोटी होते. स्कर्व्ही, थंडी आणि थकवा यांचाही वाटा मोठा होता, असे इतर अभ्यासक म्हणतात. दोन्ही पक्षांत सत्य असणे शक्य आहे. परंतु शिक्षकाच्या दृष्टीने एक गोष्ट दोन्ही पक्षांना मान्य आहे. त्या प्रवाशांनी पदार्थ पाहिला, त्याचे नाव घेतले, दगड घेतले. मात्र कृतीचा पूर्ण क्रम आणि त्याबरोबरचा आहार त्यांनी घेतला नाही. तो क्रम का पाळावयाचा, हे यांड्रुवांधांना रसायनशास्त्राच्या भाषेत सांगता आले नसते. पण अनेक पिढ्यांच्या अनुभवाने त्यांनी त्याची कसोटी घेतलेली होती. कारण सांगता येत नाही म्हणून रीत खोटी ठरत नाही. तिचे कारण शोधणे हे शिकलेल्या माणसाचे काम आहे, ती टाकून देणे हे नव्हे.

याच्या उलट दिशेचे एक उदाहरण थोडक्यात सांगता येते. नॉर्वेचा प्रवासी रोआल्ड आमुंडसेन १९०३ ते १९०६ या काळात उत्तर अमेरिकेच्या वरच्या अंगाने जलमार्ग काढीत असता दोन हिवाळे नेट्सिलिक एस्किमोंच्या, म्हणजे आज ज्यांना इन्युइट म्हणतात त्या लोकांच्या, शेजारी राहिला. कातड्याचे सैल कपडे कसे शिवावेत व अंगात कसे घालावेत, कुत्र्यांच्या गाड्या कशा हाकाव्यात, हे तो त्यांच्याकडून शिकला. पुढे १९११ साली दक्षिण ध्रुवाकडे निघण्यापूर्वी त्याच्या माणसांनी संपूर्ण हिवाळा साधने दुरुस्त करण्यात घालविला. बर्फावरील गाड्या तासून पुष्कळ हलक्या केल्या. बूट पुन्हा पुन्हा उसवून शिवले. रॉकेलचे डबे थंडीत झिरपतात हे पूर्वीच्या प्रवासात दिसले होते, म्हणून त्यांची तोंडे डाख देऊन पक्की बंद केली. वाटेवरील अन्नाचे साठे धुक्यातही सापडावेत यासाठी साठ्याच्या दोन्ही बाजूंना, वाटेला आडवी, दूरवर निशाणांची ओळ लावली. बर्कच्या न बदललेल्या खुणेशी हिची तुलना करण्यासारखी आहे.

तरीही सप्टेंबर १९११ मध्ये आमुंडसेन घाईने लवकर निघाला, भयंकर थंडीत सापडला आणि त्याला परत फिरावे लागले. काहींचे पाय हिमदंशाने सुजले. अनुभवी सोबती योहान्सेन याने सर्वांसमक्ष त्याला दोष दिला. आमुंडसेनला हे रुचले नाही, आणि त्याने योहान्सेनला ध्रुवाकडे जाणाऱ्या तुकडीतून वगळले. मोठ्या माणसालाही टीका सहन करणे कठीण जाते. परंतु त्या फजितीचा बोध त्याने घेतला: बूट पुन्हा बदलले, तुकडी लहान केली, ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा निघाले आणि १४ डिसेंबर १९११ रोजी ध्रुवावर पोहोचले. त्याचा प्रतिस्पर्धी स्कॉट १७ जानेवारी १९१२ रोजी तेथे पोहोचला व परतीच्या वाटेवर चार सोबत्यांसह मरण पावला. परतताना त्यांना साठ्यांतील डब्यांत रॉकेल कमी आढळले होते. स्कॉटच्या मृत्यूची कारणे अनेक आहेत आणि त्यांत प्रतिकूल हवामानाचाही भाग आहे. पण डब्याच्या झाकणासारखी क्षुल्लक वाटणारी गोष्ट एका पक्षाने आधी तपासली होती, हे विसरता येत नाही.

शाळेत काय करता येईल

आता हा विषय प्राथमिक शाळेशी कसा जोडावयाचा, हा प्रश्न उरतो. ध्रुवावर किंवा वाळवंटात जाणारी मुले गावच्या शाळेत थोडीच असतील. परंतु माहिती आणि ज्ञान यांतील भेद परिसर अभ्यासाच्या तासाला रोजच भेटतो. त्या दृष्टीने पुढील सूचना उपयोगी पडाव्यात.

पहिली, साधनांची निवड. शाळेची सहल जवळच्या टेकडीवर किंवा किल्ल्यावर जावयाची असेल, तर आठ दिवस आधी मुलांचे गट करून प्रत्येक गटाला दहाच वस्तू निवडण्यास सांगावे. प्रत्येक वस्तूपुढे तिचे कारण लिहून घ्यावे. मग दोन गटांत वाद लावावा: दोरी हवी की नको, पाणी किती, काठी कशासाठी. शिक्षकाने निकाल देऊ नये. सहलीहून परतल्यावर कोणती वस्तू वापरली, कोणती उगाच वाहिली, कोणती नसल्याने अडले, हे त्याच यादीवर मुलांनी लिहावे. ज्या गटाची यादी चुकली त्याला कमी गुण देण्याचे कारण नाही. ज्याने आपली चूक स्पष्ट लिहिली तो गट उत्तम समजावा.

दुसरी, खुणेची परीक्षा. एका गटाने दगड, काटक्या किंवा खडूने वाटेवर निरोप ठेवावा. दुसऱ्या गटाने मागून येऊन तो वाचावा. मध्येच पहिल्या गटाने आपली दिशा बदलावी आणि ती बदलल्याचे खुणेतून कळवावे. बहुतेक वेळा पहिल्या प्रयत्नात खूण चुकीची वाचली जाते. तेव्हा बर्कच्या झाडाची गोष्ट सांगावी. ती मुलांना व्याख्यानाहून अधिक पटेल.

तिसरी सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. गावातील किंवा पाड्यावरील एखाद्या जाणत्या आजींना शाळेत बोलवावे. शेवळे, करांदे किंवा त्या भागातील दुसरी कोणतीही रानभाजी त्या कशी आणतात, कशी निवडतात, कशी शिजवतात, हे त्यांनी सांगावे आणि मुलांनी पायऱ्या क्रमाने लिहून घ्याव्यात. नंतर फळ्यावर एक पायरी पुसून शिक्षकाने विचारावे, ‘हिच्यावाचून काय होईल?’ ही परीक्षा फळ्यावरच राहावी. शाळेत कोणतीही रानवनस्पती मुलांना चाखू देऊ नये, आणि घरच्या वडीलमाणसांवाचून रानातले काही तोडून खाऊ नये, हे निक्षून सांगावे. अर्ध्या माहितीने काय होते, हे नार्डूने दाखविलेच आहे.

या तिसऱ्या सूचनेचे महत्त्व खाद्यपदार्थापुरते नाही. पाड्यावरून शाळेत येणाऱ्या मुलाला घरी जे येते ते शाळेत विचारले जात नाही, आणि शाळेत जे विचारले जाते ते घरी कोणी सांगू शकत नाही. त्यामुळे वर्गात तो सहसा मुकाट बसतो आणि त्याची गणना मंद मुलांत होते. ज्या दिवशी त्याची आजी वर्गासमोर उभी राहून सांगते आणि शिक्षक तिचे शब्द वहीत लिहून घेतो, त्या दिवशी त्या मुलाला प्रथम कळते की, आपल्या घरातही शिकण्याजोगे काही आहे. पुढच्या तासाला तो हात वर करील. अनेक शिक्षकांना हा अनुभव आलेला असेल. ज्यांना आला नसेल त्यांनी तो एकदा घेऊन पाहावा.

यात शिक्षकालाही थोडी अडचण आहे, ती मान्य केली पाहिजे. मुलांसमोर ‘हे मला ठाऊक नाही’ असे म्हणणे त्याला जड जाते. अधिकार कमी होईल अशी भीती वाटते. बर्कलाही अशीच भीती वाटली होती. आपल्या जवळचे काही जाईल या धास्तीने त्याने शेजाऱ्यांवर बंदूक रोखली, आणि त्याच्या जवळचे सर्वच गेले. किंगने हात पुढे केला, एका स्त्रीची जखम धुतली, दिलेले अन्न घेतले, आणि तो घरी परतला. मेलबर्नहून वीस टन सामान घेऊन निघालेल्या मोहिमेतून आखातापर्यंत जाऊन जिवंत परत आलेला तो एकटाच मनुष्य होता.